फूल पडतं तिथपर्यंत

कुंडलिकची वरकस जमीन धसईच्या पुढे, डोंगर पाय पसरून बसलाय तिथे आहे. भाताला ती चालत नाही. नाचणी तिच्यावर उपकार केल्यासारखी उगवते. बाकी सगळा वेळ ही जमीन उताणी पडून ऊन खाते, आणि कुंडलिकच्या आजापासून सगळे तिला त्याबद्दल नावं ठेवत आले. मग एके वर्षी असं कळलं की उताणं पडून ऊन खाणं हाच आता जगातला सगळ्यात भविष्य असलेला धंदा आहे, आणि चीनपासून चिलीपर्यंत लोक त्यासाठी जागा शोधत हिंडतायत.

ही बातमी मुरबाडचा प्रणित घेऊन आला. तो एका सौर कंपनीचा सर्वेयर होता, आणि जागा भाड्याने घेण्याआधी ती मोजायची हे त्याचं काम. होळीच्या आधीचे दिवस होते. कुठेतरी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला राब पेटवला होता आणि त्याचा धूर, कुठे जायचंच नसल्यासारखा, दरीत बसून होता. कुंडलिकच्या जागेच्या कडेला एक जुना मोह आहे. त्या दिवसांत मोहावर एक पान नसतं. प्रणितने हेल्मेट त्याच्या फांदीला अडकवलं, पाण्याची बाटली दुसऱ्या फांदीच्या बेचक्यात ठेवली, पाठ बुंध्याला टेकवली आणि विचारलं,

"काका, ह्या जागेत तुमची झाडं किती?"

कुंडलिकने जागेवरून नजर फिरवली. "माझं एक पण नाय."

"एकही नाही?"

"नाय."

प्रणितने टॅबवर शून्य टाकलं. मग मान वर करून, मोहाच्या बेचक्यातली बाटली काढून तो पाणी प्यायला.

ह्या संभाषणात कोणीही खोटं बोललं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. कारण पुढे वर्षभर सगळे एकमेकांकडे कोणीतरी खोटं बोलल्यासारखे बघत होते. प्रणितला ते वाळलेलं खोड वाटलं, पुढे कधीतरी उचलून नेतील असं. आणि कुंडलिकला विचारलं होतं तुमची झाडं. मोह त्याचा नव्हताच. मोह गीताबाईचा होता.

गीताबाई म्हणजे कुंडलिकची थोरली बहीण, शेणव्याला दिलेली. तिच्या लग्नात आंदण म्हणून मांडायला भांडी कमी पडली, तेव्हा बापाने मांडवात उभं राहून सांगितलं, वरकसातला मोह गीताचा. पंचांनी माना हलवल्या, लग्न लावणाऱ्या धवळारणीने गाण्यात तेवढी एक ओळ जास्तीची घातली, आणि व्यवहार पुरा झाला. पुढे बाप गेल्यावर गीताबाईने रीतीप्रमाणे हक्कसोड करून जमिनीतला वाटा भावाला देऊन टाकला. झाडावरचा हक्क तिच्याकडे कोणी मागितलाच नाही. त्यामुळे जगात तिच्या नावावर ही एवढी एकच वस्तू राहिली, आणि तीही कुठे नावावर नव्हती.

दर चैत्राच्या तोंडाशी ती शेणव्याहून किन्हवली, किन्हवलीहून मुरबाड, मुरबाडहून धसई अशा गाड्या बदलत येते. हातात स्वतःचा झाडू असतो. आल्याआल्या मोहाखालची जमीन झाडून काढते, म्हणजे पहाटे पडलेलं फूल मातीत हरवत नाही. तिच्या वयाच्या बायकांना आता माहेर उरलं नव्हतं. भाऊ होते, घरं होती, भावजयाही होत्या. पण जायला कारण नव्हतं. कारणाशिवाय माहेरी गेलेली बाई चार दिवसांत पाहुणी होते आणि पुढे अडचण. गीताबाईला कारण होतं, आणि ते दर वर्षी फुलत होतं.

त्या चैत्रातही ती आली. जमिनीत लाल खुंट्या ठोकलेल्या दिसल्या, त्या चुकवून तिने झाडलं, फुलं वेचून सुकवली, बोचकं बांधून गेली. खुंट्यांचा झाडाशी संबंध आहे असं कोणाला वाटलं नव्हतं, म्हणून कोणी तिला काही सांगितलंही नाही.

वैशाखात ट्रक आले. तोपर्यंत मोहाला तांब्याच्या रंगाची पालवी फुटून झाडाने छान छत्री धरली होती. फिटर नकाशा घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला.

"नकाशात झाड नाही," तो म्हणाला.

"नसंल," कुंडलिक म्हणाला.

"मग हे काय आहे?"

"झाड हाय. पण माझं नाय. मी कसं सांगू कापा म्हणून?"

फिटरांचं काम बसवायचं होतं, तोडायचं नव्हतं. तोडायचं काम दुसऱ्या ठेकेदाराकडे होतं आणि तो ठेकेदार अजून नेमायचा होता. तेव्हा त्यांनी नकाशा प्रमाण मानून पॅनलच्या रांगा थेट मोहाच्या फांद्यांखाली आणून ठेवल्या. कुंपण झालं, फाटक झालं, फाटकावर 'हरित उद्याकडे' अशी पाटी लागली. वीज तयार होऊन तारेवरून धसईकडे जाऊ लागली, आणि तिथून पुढे कुठे जाते ते विचारायची पद्धत नव्हती. वाडीत ती पूर्वीसारखीच आली तर यायची.

पावसाळ्यात सौर प्रकल्पाकडे कोणी बघत नाही. ते शिष्टाचाराला धरून नाही. दिवाळीनंतर आभाळ धुतल्यासारखं झालं, आणि कंपनीच्या मुरबाडच्या कचेरीत हेतलच्या लक्षात आलं की पडद्यावरच्या आलेखात एक रेघ रोज दुपारी झोपी जाते.

हेतल कंपनीची इंजिनियर. भिवंडीकडच्या शेतकरी घरातली. तिच्या आजोबांच्या भाताच्या खाचरांवर आता गोदामं उभी आहेत. ती प्रणितला घेऊन जागेवर आली. सूर्य दक्षिणेकडे कलला होता आणि मोहाची सावली रांगांवर घोंगडीसारखी पसरली होती. पॅनल रांगेत एकमेकांना जोडलेले असतात. एकावर सावली पडली की सगळी रांग हातपाय गाळून बसते. ज्यांनी कचेरीत नोकरी केलीय त्यांना हे तत्त्व वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

"तू शून्य लिहिलंयस," हेतल म्हणाली.

"तेव्हा शून्यच होतं मॅडम," प्रणित म्हणाला. "म्हणजे, वाळलं होतं. आणि काकांनी पण सांगितलं."

मुंबईच्या मुख्य कचेरीतून उत्तर आलं: मार्चअखेर सावली काढा, नाहीतर जागेचा करार रद्द.

हेतल कुंडलिकच्या ओटीवर बसून हे सांगत होती तेव्हा कुंडलिक तिच्याकडे न बघता डोंगराकडे बघत होता.

"बाय आपली थोरली," तो म्हणाला. "दिलेलं आंदण मी मागाचं? कुठल्या तोंडानं?"

"माझ्याकडं बघू नका," आतून त्याची बायको प्रेमा म्हणाली. "मी बोलले तर वन्सं बोलतील, आलीस त्या दिवसापासून झाडावर डोळा हाय तुझा."

"हाय का?"

"पहिल्या वर्षी होता. आता नाय."

हेतल म्हणाली, "मी जाते शेणव्याला."

"जा, तूच जा," कुंडलिकचा जीव भांड्यात पडला. "तू शिकलेली हायस. तुझं कोण मनावर घेणार नाय."

गीताबाई अंगणात भात पाखडत बसली होती. हेतलने आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मग धीर गोळा करायला म्हणून टॅब काढून कंपनीची फिल्म लावली. ही फिल्म जमीनमालकांना दाखवायची असा नियम होता. झाडमालकांसाठी वेगळी नव्हती.

गीताबाईने सूप मांडीवर ठेवलं आणि बघत राहिली. पडद्यावर जग हळूहळू फिरत होतं. वाळवंटात मैलोन्‌मैल काचा आभाळ पीत पडल्या होत्या. समुद्रात, जिथे घर नाही, दार नाही, तिथे उंच पांढरे पंखे उभे होते आणि कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे सावकाश फिरत होते. फिल्ममधला माणूस मऊ आवाजात सांगत होता की जगात आता विजेची जी नवी केंद्रं उभी राहतात त्यांतली बहुतेक सूर्याची नाहीतर वाऱ्याची असतात, आणि ऊन हीच आजवरची सगळ्यात स्वस्त वीज होत चालली आहे.

"समुद्रात पंखा कशाला गो?" गीताबाईने विचारलं. "माशांना उकडतं?"

"वाऱ्याने फिरतो तो, मावशी. त्यातून वीज होते."

"म्हणजे पंख्यानं वारा नाय, वाऱ्यानं पंखा."

"हो."

"बरं." तिने ते मनात ठेवून घेतलं. पुढे डोंगर आला, अगदी आपल्या घाटासारखा, वर एक तळं, खाली एक तळं. दिवसा पाणी वर चढत होतं आणि काळोख पडल्यावर खाली धावत होतं.

"चढवतात, मग परत सोडतात? त्यापेक्षा वरच राहू द्याचं."

"रात्री ऊन नसतं ना. दिवसाचं ऊन असं साठवून ठेवायचं. जगात सगळ्यात मोठा प्रश्न आता हाच आहे मावशी, ऊन मिळतंय भरपूर, ते ठेवायचं कशात."

"आमी मोहात ठेवतो," गीताबाई म्हणाली. "चैत्रात सुकवाचा, पावसात उकडून खायाचा. तोंडात टाकला की ऊनच लागतं." मग तिने पडद्यावरची नजर काढून हेतलकडे पाहिलं. "तर माझा मोह कापाचाय. त्यासाठी आलीस."

हेतलने टॅब बंद केला. "हो," ती म्हणाली.

"कुंडलिकनं धाडलं?"

"कंपनीने."

"तो नाय आला."

"त्यांना बोलवत नाही म्हणाले."

गीताबाईने सूप परत उचललं. भात वर उडाला, तूस वाऱ्यावर गेलं, दाणे खाली आले. "मोहाच्या वेळेला येते तेव्हा सांगते," ती म्हणाली. "झाडासमोर सांगाची गोष्ट हाय. त्याच्या माघारी नाय."

त्यानंतरचे महिने गीताबाईने अर्धे शेणव्याला आणि अर्धे त्या पडद्यावरच्या जगात काढले. भाकरी थापताना तिला समुद्रातले पंखे दिसायचे. ते इतक्या सावकाश फिरायचे की तव्यावरची भाकरी करपायची तरी त्यांचा एक फेरा पुरा व्हायचा नाही. ओढ्यावर कपडे आपटताना वाटायचं, आता कुठल्यातरी देशात, जिथली भाषा आपल्याला येत नाही, तिथली सगळी छपरं पदर पसरून आभाळाकडे बघत असतील. आणि सूर्य एका दारातून दुसऱ्या दारात, थकलेल्या वाढप्यासारखा, सगळ्यांच्या पदरात थोडं थोडं टाकत चालला असेल. त्या सगळ्या पंगतीत एका कोपऱ्यात तिचा मोह आडवा उभा होता. त्याच्यामुळे वाढप्याचा हात अडत होता. तिला ते बरोबर वाटत नव्हतं. आणि तो नसेल तर चैत्रात आपण किन्हवलीच्या गाडीत कशासाठी बसायचं, ह्याचंही उत्तर तिला सापडत नव्हतं. जगाला ऊन पाहिजे होतं, तिला माहेर पाहिजे होतं, आणि दोन्ही एकाच जागेवर पडत होतं.

पंचांगाचं वर्ष आणि कंपनीचं वर्ष वेगळं असतं. पण त्या साली चैत्र मार्चअखेरीच्या आतच उंबऱ्याशी आला. गीताबाई झाडू घेऊन उतरली. फाटकावर पहारेकऱ्याने तिला थांबवलं, कारण आत जायला नारिंगी जाकीट आणि हेल्मेट लागतं. तिने जाकीट लुगड्यावर चढवलं, हेल्मेट पदरावर घातलं, आणि तशीच आपल्या झाडाकडे चालत गेली.

तिथे सगळे जमले होते. हेतल, प्रणित, कुंडलिक, प्रेमा, आणि वरच्या पाड्यावरचा म्हातारा लडकू. तिच्या लग्नाच्या मांडवातल्या पंचांपैकी तो एकटाच उरला होता. सावलीचा रीतसर पंचनामा करायचा असं मुख्य कचेरीने कळवलं होतं. प्रणितने फीत आणली होती, फक्की आणली होती.

"कर सुरू," हेतल म्हणाली.

प्रणित फीत घेऊन पुढे झाला आणि थांबला. मोहावर एक पान नव्हतं. काचांवर फांद्यांच्या चार बारीक रेघा पडल्या होत्या, म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारख्या. बाकी लख्ख ऊन. हेतलने मोबाइल पाहिला. रोज दुपारी झोपणारी रेघ टक्क जागी होती.

"सावली कुठाय?" तिने विचारलं.

"दिवाळीत होती मॅडम."

"बाकीच्या लेकींसारखी ती पण माहेरी गेली असंल," लडकू म्हणाला.

पंचनाम्यात काय लिहावं हा प्रश्न उभा राहिला. नसलेल्या सावलीचं क्षेत्रफळ किती, हे प्रणितला कोणी शिकवलं नव्हतं. गीताबाई तोवर बुंध्याला हात लावून उभी होती. वर फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लोंबत होते, फिकट, फुगलेले, आणि त्यांचा वास त्या भर उन्हात सगळ्यांच्या डोक्यात हळूहळू चढत होता. मोहाच्या वासाने माणूस भांडत नाही; फार तर बसतो. एकेक करून सगळे बसले.

"लडकू दादा," गीताबाई म्हणाली, "तुमी होता मांडवात. बा काय बोलला होता?"

लडकू डोळे मिटून तिकडे गेला, तिथे जरा फिरला आणि परत आला. "बोलला, मोह गीताचा."

"किती मोह?"

"किती म्हंजे? फूल पडतं तिथपर्यंत. आमच्यात झाड तसंच देतात. बुंधा देऊन काय कराचंय? फूल जिथपर्यंत पडतं तिथपर्यंत मालकिणीचं अंगण. मोहाच्या दिवसांत तिथं नांगर नाय, गुरं नाय, दुसऱ्याचा पाय नाय."

सगळ्यांनी खाली बघितलं. ते ज्यावर बसले होते ते अंगण असू शकत होतं. प्रणितने पाय जवळ घेतले.

"म्हणजे ह्या रांगा मावशींच्या जागेत आहेत?" हेतलने विचारलं.

"ते मी कसं सांगू? सकाळी फूल सांगंल."

सगळे उठेपर्यंत शेवटची गाडी गेली होती. हेतल प्रेमाजवळ झोपली, प्रणित ओटीवर. गीताबाई कुंडलिकशी बोलली नाही, म्हणजे जेवायला वाढ, पाणी दे, एवढंच बोलली. तोही तेवढ्यालाच उत्तर देत होता. आंदणाचा विषय दोघांच्या मध्ये पाटावर बसून जेवत होता, आणि त्याला कोणी भात वाढत नव्हतं.

पहाटे, डोंगराच्या मागे नुसतं दूध सांडल्यासारखं उजाडत असताना, सगळे परत झाडाखाली आले. प्रणितच्या हातात फक्कीची पिशवी होती. जिथपर्यंत फूल पडेल तिथे त्याने रेघ मारायची होती.

पहिलं फूल पडलं ते काचेवर. बारीक आवाज झाला, बांगडीला नख लागावं तसा. मग दुसरं. मोहाचं फूल जमिनीवर पडतं तेव्हा आवाज होत नाही. गीताबाईने जन्मभर ते मुक्यानेच पडताना पाहिलं होतं. आता एकेका फुलाला आवाज होता, आणि सगळं झाड मिळून हळूहळू काहीतरी वाजवत होतं.

काचांमध्ये आभाळ उतरलं होतं, तळ्यात उतरावं तसं, आणि त्यात मोहाच्या फांद्या उलट्या उभ्या होत्या. वरून एक फूल सुटायचं तेव्हा खालच्या आभाळातूनही एक सुटायचं. एक खाली येत होतं, एक वर येत होतं, आणि दोघं काचेवर भेटली की एकच उरायचं. दवाने काचा ओल्या होत्या. भेटलेलं फूल क्षणभर थांबायचं, मग उतारावरून घसरत, काही घाई नसल्यासारखं, खालच्या पट्टीपर्यंत जायचं आणि आधीच्या फुलाशेजारी बसायचं. उजाडेपर्यंत प्रत्येक रांगेच्या पायथ्याशी फिकट फुलांची एक लांब माळ तयार झाली होती. मातीचा कण नाही, मुंगी नाही, पाचोळ्याचं एक पान नाही.

फक्कीची रेघ मारायची राहून गेली. प्रणितने पिशवी केव्हाच खाली ठेवली होती. तसं बघायला रेघ लागतही नव्हती. झाडाकडच्या तीन रांगांवर फूल होतं, चौथ्या रांगेवर नव्हतं.

गीताबाई झाडू घेऊन उभी होती. झाडायला काही नव्हतं. तिने टोपली पट्टीखाली धरली आणि हाताने फुलं आत ओढली. वाकावं लागलं नाही. दुसऱ्या पॅनलकडे सरकली, तिथेही वाकावं लागलं नाही. फुलांचा चिकट रस काचेवर राहिला होता, तो तिने पदराच्या टोकाने, घरची काच असावी तसा, पुसून काढला. हेतलच्या मोबाइलवर पुढे दिवस वर आल्यावर दिसलं की सगळ्या प्रकल्पात त्या तीन रांगा सर्वांत पुढे होत्या, कारण सगळ्या प्रकल्पात तेवढ्याच कोणीतरी पुसल्या होत्या.

"मावशी," हेतल म्हणाली, "तुम्ही सांगणार होतात."

गीताबाईने टोपली कमरेवर घेतली आणि झाडाकडे तोंड केलं. "कापाचा नाय," ती म्हणाली.

कुंडलिकने मान खाली घातली. ती मान सुटकेने खाली गेली की करार गेल्याच्या दुःखाने, ते प्रेमाला विचारलं तर तिनेही सांगितलं नसतं.

"आणि ह्या प्लेटा पण काढाच्या नाय," गीताबाई पुढे म्हणाली. "माझ्या अंगणात आल्यात, राहू द्यात. ऊनच खातायत. आमच्यात आलेल्याला उठवत नाय."

"पण मावशी, पालवी आली की सावली पडेल. रांग परत बसेल."

"बसंल तर बसंल. मग फुलाच्या वेळेला उठंल. तुमी सगळे बारा महिने उभे असता काय?"

हेतल तिथेच खाली बसली. दिवस वर आला, काचा गरम झाल्या, टोपलीत न मावलेली फुलं गीताबाईने त्यांच्यापुढच्या तापल्या जमिनीवर पसरून ठेवली आणि ती दुपारपर्यंत सुकायलाही लागली. कुठल्यातरी समुद्रात पंखे फिरत होते, कुठल्यातरी डोंगरावर पाणी चढत होतं, आणि इथे एक बाई मोहाच्या फुलात पावसाळ्यापुरतं ऊन भरून ठेवत होती. हेतलला वाटलं, फिल्ममध्ये हे असायला हवं होतं. मग तिला वाटलं, फिल्ममध्येच आहे. आपणच आत आलो आहोत. तिच्या आजोबांच्या बांधावर एक आंबा होता. तो कोणाचा होता हे तिने कधी विचारलं नव्हतं. आता त्या जागी ट्रक उलटे फिरतात.

मुरबाडला परत गेल्यावर तिने मुख्य कचेरीला लिहिलं. तीन रांगांची जोडणी वेगळी केली तर त्या बसल्या तरी बाकीच्या बसत नाहीत, हे तिने आधी लिहिलं. हे पहिल्या दिवसापासून करता येण्यासारखं होतं, आणि म्हणूनच त्याने कोणाचं मन वळलं नसतं. तेव्हा तिने वर मथळा दिला: 'वृक्ष आणि सौरऊर्जा: सहजीवनाचा प्रायोगिक पट्टा'. सोबत पहाटेच्या काचांवरच्या फुलांचा फोटो जोडला.

चूक असती तर झाड तोडलं असतं. प्रयोग असल्यामुळे ते राहिलं. नुसतं राहिलं नाही. फोटो कंपनीच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला आणि करार रद्द करायची भाषा बंद झाली, कारण मुखपृष्ठ रद्द करता येत नाही. मुख्य कचेरीने फक्त एक विचारणा केली: असे मोह इतर प्रकल्पांवरही लावता येतील का, आणि त्यांना फूल यायला किती काळ लागतो? हेतलने कुंडलिकला फोन लावला.

"आजानं लावला तर नातीला," कुंडलिक म्हणाला.

हेतलने तसं कळवलं. उलट टपाली विचारणा आली की ते चालू आर्थिक वर्षात बसवता येईल का.

मोहाचे दिवस संपत आले तेव्हाच्या एका सकाळी गीताबाई नारिंगी जाकीट घालून शेवटच्या रांगेची फुलं ओढत होती. कुंडलिक चहाचा पेला घेऊन आला. पहारेकऱ्याने त्यालाही हेल्मेट दिलं होतं. दोघं तशीच, कामावरचे मुकादम असावेत तशी, मोहाखाली उभी राहिली.

"बाय," तो म्हणाला. "तो पोरगा मोजायला आलेला ना, त्याला मी बोललो, माझं एक पण नाय."

"मग? खरंच बोललास."

"तुझं हाय ते सांगाला पाहिजे होतं."

"सांगितलं असतंस तर त्यानं तेव्हाच लिवलं असतं, झाड एक, कापणे." तिने चहा संपवला, पेल्याच्या तळाशी पडलेलं फूल बोटाने काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. "खा."

त्याने खाल्लं. पंखे नसलेल्या त्या डोंगरावरून वारा आला, आणि काचेवर एकदोन बारीक आवाज झाले.

"तुझा झाडू घरात राहिलाय," कुंडलिक म्हणाला. "गाडीच्या वेळेला प्रेमाकडनं घे. नायतर विसरशील."

"राहू दे इथंच," गीताबाई म्हणाली. "पुढच्या वर्षी फडकं आणते."